कच्च्या खिम्याची चिमूट

मास्तरांच्या जिभेचा थाट मोठा होता. सॉसेजच्या कारखान्यात मसाला कालवणारे ते मुख्य कारागीर, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आणि तेही ही पदवी आईच्या पोटातूनच घेऊन आल्यासारखे मिरवायचे. डुकराचा जाडसर खिमा यंत्रातून पडला, त्यात मीठ, मिरी, लसूण कालवलं, की मास्तर त्यातली एक चिमूट जिभेवर ठेवायचे. कच्चीच. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "मिठाला कमी आहे."

कोपऱ्यात एक शेगडी आणि छोटा तवा होता. चव बघायची तर खिम्याची टिकली तळून बघायची, असा कारखान्याचा नियमच होता, आणि बाकीचे कारागीर तो पाळायचे. मास्तर त्या तव्याकडे बघून नाक मुरडायचे. "तळलं की मिरी मागे जाते. तवा शिकाऊंसाठी. माझ्या बापानं कधी तवा वापरला नाही." बापानं साबणही फारसा वापरला नसावा, कारण तोही गुण मुलात उतरला होता. साबणाचा वास बोटांना लागला की चव बिघडते म्हणे! म्हणून संडासातून आले तरी मास्तर बोटं नुसती नळाखाली धरायचे आणि पँटला पुसायचे.

अशाच एका चिमटीतून त्यांच्या पोटात पाहुणा उतरला. पट्टकृमी, म्हणजे चपटा जंत. डुकराच्या मांसात त्याची अळी वाटाण्याएवढ्या कोषात मुटकुळं करून बसलेली असते. मांस नीट शिजलं की ती मरते. कच्चं गिळलं की माणसाच्या आतड्यात डोक्यावरचे आकडे रोवून मुक्काम ठोकते. या प्राण्याला ना तोंड, ना पोट. दुसऱ्यानं पचवलेलं अन्न अंगानंच शोषायचं आणि पट्टीसारखं लांबत जायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेवटाकडचे तुकडे अंड्यांनी भरले की सुटून बाहेर पडतात.

मास्तरांनी ते तुकडे पाहिले होते. पांढरे, चपटे. पाहिले, वर पाणी ओतलं आणि तोंडाला कुलूप लावलं. कारखान्यात कळलं असतं तर त्या थोर जिभेची अब्रू राहिली असती का? शिवाय पोट दुखत नव्हतं, भूक झकास लागत होती. मग बोभाटा कशाला?

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. बायकोवर त्यांचा जीव होता. ती मांसाला शिवायचीसुद्धा नाही. संध्याकाळी कामावरून आले की मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तिच्यासाठी काकडी सोलायचे, चकत्यांवर मीठ भुरभुरायचे आणि एकेक चकती तिच्या तळहातावर ठेवायचे. लग्न झाल्यापासूनचा नेम. तेवढा वेळ हा माणूस माणसासारखा वागायचा.

एके सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचा उजवा हात झटके देऊ लागला. ती पडली, तोंडाला फेस आला. आकडी! मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून सासऱ्याबरोबर सूनच तिला दवाखान्यात घेऊन गेली. स्कॅन झाला.

"मेंदूत गाठी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्टकृमीच्या अळ्यांच्या."

मास्तर चक्क हसले. "ती मांसच खात नाही हो."

"मांसातून जंत होतो तो खाणाऱ्याच्या पोटात. त्या जंताची अंडी त्याच्या हाताला लागतात आणि त्याच्या हातचं खाणाऱ्याच्या पोटात जातात. तिथं ती फुटतात आणि अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन बसतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करू या. तो माणूस सापडला नाही, तर आम्ही इकडे औषध देणार आणि तिकडे नवी अंडी यांच्या पोटात जाणार. पुढची आकडी कदाचित जिवावर बेतेल."

मास्तरांना त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यावर या शूरवीरानं काय केलं? सुनेकडे बोट दाखवलं.

"स्वयंपाक हिच्याकडे असतो. हात धुते की नाही, देव जाणे."

 सुनेनं डबी घेतली आणि शौचाचा नमुना देऊन आली. मास्तरांनी डबीला हातही लावला नाही. "माझी कसली तपासणी? मी काय वाटेल ते खातो?" म्हणाले. वर घरी येऊन सुनेला स्वयंपाकघर बंद केलं. इतका निर्लज्जपणा करायलाही अंगात धमक लागते.

पुढच्या संध्याकाळी ते वॉर्डात गेले. सून उशाशी बसली होती.

"अहो, काकडी नाही आणलीत?" बायकोनं विचारलं.

आता काय करणार? नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. त्यांनी समोरच्या दुकानातून काकडी आणली, सोलली, कापली आणि चकती तिच्या तळहातावर ठेवली. तिचा हात अजून थरथरत होता. चकती हळूहळू ओठांपर्यंत गेली, आणि मास्तरांनी झडप घालून ती उडवून दिली.

"खाऊ नकोस! माझ्या पोटात आहे तो. मी पाहिलाय."

बायकोनं हात मागे घेतला. "पाहिलात? आणि तरी पोरीवर आळ घेतलात?"

 सून उठली, नर्सकडून दुसरी डबी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "घ्या, बाबा."

मास्तरांनी डबी घेतली, मग गोळीही घेतली. जंत तुकड्या-तुकड्यांनी पडला. मास्तरांच्या उंचीपेक्षा लांबच असावा. त्याचं डोकं आत राहिलं तर तो पुन्हा वाढतो, म्हणून पुढेही तपासण्या कराव्या लागल्या. कारखान्यातही बातमी पोचलीच. तव्यावरची टिकली आता सगळ्यांच्या आधी मास्तरांपुढे येते, तीही न सांगता.

बायको घरी आली. आकडीच्या गोळ्या चालू होत्या, उजव्या हातात जोर नव्हता. संध्याकाळी मास्तरांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली आणि काकडी घेऊन खिडकीशी बसले.

"द्या ती सुरी इकडे," बायको म्हणाली, आणि सुरी तिनं सुनेला दिली.

सुनेनं काकडी सोलली, मीठ भुरभुरलं. पहिली चकती सासूच्या हातावर ठेवली, दुसरी सासऱ्यांच्या. मास्तरांनी ती तोंडात घातली. मिठाला कमी होती. ते काही बोलले नाहीत.