संगीतासाठी एक पेटी

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या मराठी शाळेत मी तासावर गाणं शिकवते. कायम नेमणूक नाही. गाण्यालाच सरकार कायमचा विषय समजत नाही, तर गाणाऱ्या बाईला कशाला समजेल? तक्रार करायला माझ्याकडे तोंड भरपूर आहे, पण मुलं गायला लागली की मी तक्रार विसरते. त्यांचे आईबाप बहुतेक कापडाच्या लूमवर, नाहीतर बांधकामावर. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी वऱ्हाडी, आणि गल्लीत उतरलं की सगळी मुलं गुजराती.

गेल्या पावसाळ्यात उंदरांनी शाळेच्या पेटीचा भाता कुरतडून टाकला. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे मराठी माणसाला सांगायला नको. आमचे मुख्याध्यापक जळगावकडचे, गृहस्थ सज्जन, पण गणिताचे. ते म्हणाले, "बाई, पेटीशिवाय गाणं कसलं? दिवाळीपर्यंत पेटी आली तर तास राहील. नाहीतर मी तो गणिताला देतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडून पेटी येणार नव्हती.

मी आमच्या नगरसेवकांचं कार्यालय गाठलं. कलाशिक्षणाला सगळ्याच पक्षांचा पाठिंबा असतो, भाषणात तर फारच. अनुदान मात्र बाकडी, पंखे, पाण्याची टाकी अशा नाव रंगवता येणाऱ्या वस्तूंना मिळतं. नगरसेवक गुजराती, बोलायला गोड. मीही ऐटीत त्यांच्याच भाषेत म्हटलं, "साहेब, संगीत माटे एक पेटी जोईए."

"मोटी के नानी?"

मी म्हटलं, मोठीच द्या. ते म्हणाले, "थई जशे." इतक्या सहज काम झालं म्हणून मी वाटेत पाव किलो फाफडा घेतला आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाटला.

नवरात्र संपता संपता शाळेच्या फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातून दोन माणसांनी मिळून जी उतरवली ती पत्र्याची भलीमोठी ट्रंक होती, हिरवी, कडीकोयंड्याची, झाकणावर पिवळ्या अक्षरांत नगरसेवकांचं नाव. गुजरातीत पेटी म्हणजे सामान ठेवायची पेटी. त्या भल्या माणसाला वाटलं, तबला आणि झांजा ठेवायला बाईंना काहीतरी हवं आहे. इतकी वर्षं सुरतेत काढून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. सातवीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यांत सुरेल, ट्रंकेभोवती एक फेरी मारून आली आणि गंभीरपणे म्हणाली, "बाई, हाई पेटी वाजस कशी?"

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "सर, पेटी आली. तास राहिला."

"बाई, ही ट्रंक आहे."

"तुम्ही पेटीच म्हणाला होतात. दिवाळीच्या आत आली."

ते हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "पेटी समारंभाने द्यायला नगरसेवक स्वतः येणार आहेत. त्यांच्यासमोर मुलांना गाऊ द्या. गाणं जमलं तर तास राहील, नाही जमलं तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

मग आम्ही पेटीशिवाय गायला लागलो. सूर कुणीतरी धरायला हवा, तो त्या मुलीने धरला. ती डोळे मिटून सा लावायची आणि बाकीचे तिला येऊन मिळायचे. ताल ट्रंकेवर. पत्रा असा खणखणायचा की शेजारच्या वर्गात बेरजा चुकायच्या. मला एकच धास्ती होती, माणसं बघून ती घाबरली तर तास गेलाच.

समारंभाच्या दिवशी ती घाबरली नाही. मुलांनी हळदीचं अहिराणी गाणं म्हटलं, तेव्हा नगरसेवक खुर्चीत पुढे सरकून बसले. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सरस. पण बेन, वाजुं क्यां छे?" वाद्य म्हणून मी ट्रंकेकडे बोट दाखवलं आणि आमच्या मराठीत पेटी कशाला म्हणतात ते सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "तो पहेलां हार्मोनियम कहेवुं हतुं ने." मग माइक हातात घेऊन त्यांनी हार्मोनियम जाहीर केलं आणि या शाळेत गाणं शिकवतात याचा अभिमान वाटतो, असंही म्हणाले. सगळ्यांत जोरात टाळ्या मुख्याध्यापकांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात माझा तास जागच्या जागी होता.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर वाजवायची पेटी खरंच आली. मुख्याध्यापक ऐकायला वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मी भाता ओढला, मुलांनी सूर लावला आणि ती मुलगी मध्येच थांबली.

"बाई, हिचा गंधार उतरलाय."

मी पुन्हा पट्टी दाबून पाहिली. उतरला होता. मुख्याध्यापकांचा चेहरा एवढासा झाला. "मग आता काय करायचं? गाणं बंद?"

"नाही सर," ती म्हणाली. "आम्ही गातो. तिला येऊ दे आमच्या मागून."

आणि मुलं गायला लागली. मी गंधाराची पट्टी टाळत त्यांच्या मागून वाजवत राहिले. दोन्ही हात पेटीवर होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.