मावशींची रात्रीची गाडी

लॅबमध्ये त्यांना सगळेच मावशी म्हणत. दातांवरच्या धातूच्या टोप्या घडवणारा एक कारागीर होता, सगळे त्याला सोनार म्हणत. तो त्यांच्याहून चांगला सहा वर्षांनी मोठा, पण तोही मावशीच म्हणे. सुरुवातीला त्यांना राग यायचा. पुढे त्यांनी तो नाद सोडला. कोणाची तरी मावशी असणं काही वाईट नाही, असं त्या म्हणत. दुसरं कोणाचं काही होण्याचा योग त्यांच्या आयुष्यात आलाच नव्हता.

दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात ही लॅब होती आणि तिथे मावशी कवळ्या बनवत. एकतीस वर्षं हेच काम. वरून प्लास्टरचा साचा यायचा, सोबत चिठ्ठी. त्यावर नंबर, वय, बाई की पुरुष, आणि दातांचा रंग. बस्स. तेवढ्यावरून मावशी मेणात एकेक दात लावायच्या, दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवून मेण सारखं करायच्या, हिरड्यांचा उंचसखलपणा काढायच्या. काम पुरं झालं की कवळी डबीत बसून वर जायची आणि वरून नवा साचा खाली यायचा. माणूस काही कधी दिसायचं नाही.

"मावशी, तुम्ही एवढ्या लोकांना हसायला दात दिलेत," सोनार एकदा डबा खाताना म्हणाला, "पण एकाला तरी हसताना पाहिलंत का?"

तो आपला गमतीने बोलून गेला. मावशींचा घास मात्र हातातच राहिला.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीखाली छापखान्याची मागची बाजू होती. दिवसभर यंत्रांची धडधड चालायची आणि सहाला बंद पडायची. मग जी शांतता पसरायची ती मावशींच्या अंगावर यायची. रेडिओ लावून त्या पडायच्या. बारा वाजायचे, एक वाजायचा. डोळा लागला न लागला तोच पहाटेचा पाण्याचा आवाज सुरू व्हायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दूध प्यायला सांगितलं, चालायला सांगितलं. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही.

झोप लागायची ती फक्त गाडीत.

धाकटी बहीण दूरच्या गावी असायची. दर तीन महिन्यांनी मावशी तिच्याकडे जायच्या. गाडी संध्याकाळी सात चाळीसला सुटायची आणि सकाळी नऊच्या सुमाराला पोचायची. चार दिवस आधीपासून मावशींची लगबग सुरू व्हायची. चादर धुऊन ठेवायची, उशीचा अभ्रा वेगळा काढायचा, अंडी उकडायची, पाव कापून त्याला लोणी लावायचं, संत्री घ्यायची. संत्री नेहमी चार. एक स्वतःला आणि तीन त्या माणसांना, जी अजून भेटायची होती.

गाडीत चढलं की पहिला अर्धा तास सगळे एकमेकांकडे चोरून बघतात, तो मावशींना फार आवडायचा. मग कोणीतरी विचारतं, "ही खिडकी लागते का हो नीट?" आणि गाडी सुरू होते ती खरी तिथून. डबे उघडतात. ज्या माणसाशी रस्त्यात कोणी बोललं नसतं, तो आपल्या मुलीचं लग्न कसं मोडलं ते सांगायला लागतो. मावशीही सांगायच्या. एका विमा एजंटाला त्यांनी आपल्याला नकार दिलेल्या मुलाची गोष्ट सांगितली होती, जी बहिणीलासुद्धा माहीत नव्हती. एका नर्सला म्हणाल्या होत्या, "मला मेल्यावर कोण उचलणार, याचीच काळजी वाटते." नर्स म्हणाली, "उचलणारे खूप असतात हो, ती काळजी सोडा." दोघी खळखळून हसल्या होत्या. सकाळी ही माणसं आपापल्या पिशव्या उचलून निघून जातात आणि ऐकलेलं सगळं सोबत घेऊन जातात. त्याचा नंतर कधी बोभाटा होत नाही.

आणि मग दिवे मालवायचे. वरच्या बर्थवर कोणीतरी घोरू लागायचं, समोरचं बाळ किरकिर करून गप्प व्हायचं, कोणीतरी झोपेत कूस बदलायचं. चाकांच्या आवाजाखाली हे श्वास ऐकत मावशी पडून राहायच्या आणि पाच मिनिटांत त्यांची ब्रह्मानंदी टाळी लागायची. मध्येच एखाद्या स्टेशनवर जाग यायची. खिडकीची झडप बोटभर वर केली की दिसायचा रिकामा फलाट, बाकावर बसून बूट काढून पाय चोळणारा हमाल, एक लुकलुकणारी ट्यूब. गावाचं नाव वाचायचा प्रयत्न करेपर्यंत गाडी हलायची आणि मावशी पुन्हा झोपायच्या.

बहिणीकडचे दोन दिवस बरे जायचे. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच त्यांचं लक्ष घड्याळाकडे लागायचं. बहीण म्हणायची, "राहा की गं ताई अजून एक दिवस." मावशी लॅबचं कारण पुढे करायच्या आणि मग मनात चोरट्यासारखं वाटायचं.

अशी अठरा वर्षं गेली. मग मेहुणे निवृत्त झाले, भाच्याला मावशींच्याच शहरात नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड इकडे आलं. मावशींच्या खोलीपासून बसने वीस मिनिटं.

"आता कशाला ती रात्रभराची दगदग?" बहीण पहिल्याच रविवारी म्हणाली. "वाटलं की बसमध्ये बसायचं आणि यायचं."

"हो ना," मावशी म्हणाल्या. "बरंच झालं."

आणि बरं झालंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. दर रविवारी बहिणीकडे जेवण. मेहुणे त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं ठेवायचे. भाचा येता-जाता "काय मावशी!" म्हणायचा. पण संध्याकाळी बसने परत आलं की जिना, कुलूप, खोली. रेडिओ. एक वाजायचा, दोन वाजायचे. मार्च गेला, जून गेला. लॅबमध्ये एका साच्यात त्यांनी दात उलटसुलट लावले. सोनाराने बघितलं म्हणून बरं, नाहीतर तसेच वर गेले असते.

"तब्येत ठीक आहे ना?" तो म्हणाला.

"झोप नाही रे."

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मावशी लॅबमधून निघाल्या त्या थेट स्टेशनवर गेल्या आणि त्याच गावाचं तिकीट काढून आल्या. तिथे आता त्यांचं कोणी नव्हतं. बहिणीला फोन केला, "या रविवारी नाही जमणार गं, लॅबचं प्रशिक्षण आहे बाहेरगावी." अठ्ठावन्नाव्या वर्षी असली थाप मारताना त्यांचे कान गरम झाले.

शनिवारी संध्याकाळी समोरच्या बर्थवर एक म्हातारी बाई आली. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. हातात एकच पिशवी, बोलण्यात मात्र एक्सचेंजमधली सगळी सफाई. "पस्तीस वर्षं लोकांना जोडून दिलं," ती म्हणाली, "आणि आमचे चिरंजीव फोन उचलत नाहीत." तिच्या बोलण्याला अशी धार होती की मावशींना हसू आवरेना. त्यांनी संत्रं सोलून दिलं. ऑपरेटरबाईंनी एकेक फोड उजव्याच बाजूने चघळत खाल्ली. मावशींनी ते पाहिलं, पण काही विचारलं नाही. त्या रात्री त्या सहा महिन्यांची राहिलेली झोप झोपल्या.

सकाळी हात धुवायच्या बेसिनपाशी दोघींची गाठ पडली. ऑपरेटरबाई कवळी नळाखाली धरून धूत होत्या. मावशींची नजर गेली आणि त्या जागच्या जागी थबकल्या. वरच्या ओळीतला उजवीकडचा दुसरा दात किंचित तिरपा होता, केसभर. सगळे दात सरळ रांगेत लावले की तोंड दुकानातल्या बाहुलीसारखं दिसतं, म्हणून मावशी तो एक दात प्रत्येक कवळीत जरासा वळवायच्या. वरच्या डॉक्टरांनाही हे माहीत नव्हतं.

"कुठे केलीत ही?" मावशींनी विचारलं.

ऑपरेटरबाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं. तीन वर्षं झाली, म्हणाल्या.

"डावीकडे लागते का?"

"घासते मेली. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. झाली सवय. उजवीकडून खायची."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मीच केलीय ती."

आपल्या जागेवर बसून, खिडकीच्या उजेडात, मावशींनी बोटाने कवळीची कड चाचपली. एक बारीक धार लागली, गव्हाच्या कुसळाएवढी. पर्समधली नखं घासायची पट्टी काढून त्यांनी हलक्या हाताने ती धार मारली, रुमालाने पुसली, पुन्हा चाचपली, पुन्हा घासली. धावत्या गाडीत हात हलू नये म्हणून कोपरं पोटाशी घट्ट धरली होती. ऑपरेटरबाई पदराखाली भांडं लपवावं तसं हाताने तोंड झाकून बघत होत्या.

"हे तात्पुरतं आहे," मावशी म्हणाल्या. "परत गेलात की डॉक्टरांना दाखवा. आणि सवय-बिवय काही ऐकून घेऊ नका."

ऑपरेटरबाईंनी कवळी धुऊन बसवली. जबडा इकडेतिकडे हलवला. राहिलेल्या पावाचा तुकडा डावीकडे घेतला, चावला, आणखी एकदा चावला.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, त्या हसायलाच लागल्या. "म्हणजे तीन वर्षं मी चिरंजिवांना शिव्या देतेय त्या तुमच्या दातांनी म्हणा की!"

मावशी बघत राहिल्या. हसताना वरची ओळ बरोबर ओठांखाली दिसत होती, जास्त नाही, कमी नाही. तो तिरपा दात खरा वाटत होता. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, कारण डोळे भरून आले होते आणि ते कोणाला सांगण्यासारखं कारण नव्हतं.

स्टेशनवर ऑपरेटरबाईंना न्यायला मुलगा आला होता. फोन न उचलणारा तोच. त्याने पिशवी घेतली आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. मावशींनी त्यांचं नाव विचारलं नव्हतं, त्यांनीही मावशींचं विचारलं नव्हतं.

मग पुढे काय करायचं, हे मावशींनी ठरवलंच नव्हतं. पाय आपोआप बहिणीच्या जुन्या घराकडे वळले. तिथे खिडकीला निळे पडदे होते आणि गॅलरीत कोणाचे तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते. एक बाई बाहेर येऊन म्हणाली, "कोण हवंय?" मावशी म्हणाल्या, "कोणी नाही, चुकले." बागेत बसल्या, वेटिंग रूममध्ये बसल्या, दोन चहा घेतले. आपण वेडगळ तर नाही ना झालो, असं दिवसभर वाटत राहिलं. संध्याकाळच्या गाडीने परत निघाल्या.

सोमवारी लॅबमध्ये पाय ठेवताच सोनार म्हणाला, "तुमच्या बहिणीचा फोन होता शनिवारी, तुम्ही निघाल्यावर. प्रशिक्षण कुठे आहे विचारत होत्या. मी म्हटलं, कसलं प्रशिक्षण?"

संध्याकाळी बहीण खोलीवर आली. चपलाही न काढता दारातच उभी राहिली.

"कुठे होतीस ताई? दोन दिवस आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं."

मावशींनी सांगून टाकलं. गाव, गाडी, झोप, सगळं. कधी ना कधी सांगायचंच होतं.

बहीण दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "म्हणजे अठरा वर्षं तू आमच्याकडे यायचीस ती गाडीसाठी?"

"दोन्हीसाठी," मावशी म्हणाल्या.

"जास्त कशासाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण एका आठवड्यात दुसरी थाप मारायची मावशींच्यात ताकद नव्हती. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि बहिणीला उत्तर मिळालं. ती जिना उतरून गेली.

तीन रविवार फोन आला नाही. मेहुण्यांचा एकदा आला. "ताई, रुसलीय ती. होईल ठीक," म्हणाले आणि कोड्यातला एक शब्द विचारून त्यांनी फोन ठेवला. चौथ्या रविवारी मावशी आपणहून गेल्या. बहिणीने वाढलं, पण समोर बसली नाही. भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "आमच्याकडेच ये ना राहायला. एक खोली रिकामी आहे. माणसं आहेत, आवाज आहे. झोप लागेल."

मावशींनी मनाशी विचार करून बघितला. तिथे सकाळी उठल्यावर सगळे विचारतील, झोप लागली का? नाही का लागली? काल बोललात ते कशावरून? "नको गं," त्या म्हणाल्या. "तुझा राग गेला तरी पुरे."

"राग नाही," बहीण म्हणाली. "वाईट वाटलं." आणि तिने भांडं जरा जोरातच पालथं घातलं.

त्यानंतर मावशी दर तीन महिन्यांनी जात राहिल्या, आता सांगून. बहीण "बरं" म्हणायची. त्याहून जास्त नाही.

जानेवारीत गेल्या तेव्हा डबा जवळजवळ रिकामा होता. त्यांच्या कप्प्यात तर कोणीच नव्हतं. चारही संत्री पिशवीत राहिली. दिवा मालवून त्या आडव्या झाल्या, पण श्वास एकच होता, स्वतःचा. अकरा, बारा, एक. आपण घरी असतो तसेच इथेही, असं वाटून त्यांना भीतीच वाटली.

दोनच्या सुमाराला कुठल्याशा स्टेशनवर गाडी थांबली आणि दार सरकलं. नवरा, बायको, आजोबा, दोन सुटकेसा, झोपेने पेंगुळलेली एक मुलगी. थंडी आणि आवाज सगळा एकदम आत आला.

"माफ करा हं," नवरा कुजबुजला. "झोपमोड झाली तुमची. दिवा नाही लावत."

"लावा, लावा," मावशी उठून बसत म्हणाल्या. "सामान खाली सरकवा, जागा आहे. आजोबांना खालचा बर्थ द्या, मी वर जाते."

त्या वर चढल्या. खाली अंथरुणं घालण्याची खुडबुड चालू होती, आजोबा बूट काढता काढता कण्हत होते, मुलगी पाणी मागत होती. नवऱ्याने वर बघून विचारलं, "अंधार करू का आता?" पण वरून आलं ते फक्त एक संथ घोरणं.