राखेचा टँकर

शहरातल्या सदर भागात आमच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं. काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट कमी करून वीजकेंद्राची राख घालत. ती राख टँकरने आणणारा ड्रायव्हर तोंडाला दुपट्टा बांधून एकटाच बसायचा, कोणाशी बोलायचा नाही.

एकदा मी विचारलं, "भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, त्यात बुडालं," तो म्हणाला. "माय घरात होती. लय उकरलं, पण भेटली नाही मले. आता तिथलीच राख भरून आणतो."

"मग हेच काम काहून करता?"

"दुसऱ्याच्या हातून काहून जाऊ देऊ तिले?"

टँकर रिकामा झाल्यावर त्याने पाइपचं तोंड दुपट्ट्याने हळूच पुसलं आणि तो निघून गेला.

आता आम्ही तिथे राहतो. भिंतीत खिळा ठोकायला माझा हात धजत नाही.