सरांच्या चार फवारण्या

मी शिकलो ते आमच्या हायस्कुलातल्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला पाठवावं हे वडिलांना पटवायला सर ओतूरहून एसटीनं आमच्या गावी आले, तेव्हा वडील कांद्याची लागण करत होते. "आधी वाफा उरकू द्या, मग बोलू," वडील म्हणाले. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते दुपारपर्यंत रोपं लावत राहिले. त्यांची ओळ वाकडी जात होती आणि वडील ती मागून सरळ करत होते. जेवताना वडील म्हणाले, "मास्तर, तुमचं शेतीत काय खरं न्हाई. पोराला न्या तुमच्याकडं." प्रवेशाच्या वेळी पुण्याला माझ्याबरोबर रांगेत सरच उभे होते.

पुढे मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. नारायणगावजवळच्या एका पॅकहाऊसचं काम आमच्याकडे आलं, ते मी मागून घेतलं. आपल्या भागाचं काम आपण करतोय याचा मला अभिमान वाटत होता. तिथून जुन्नर आणि आंबेगावच्या बागांची द्राक्षं बाहेरच्या देशांत जातात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस जावे लागतात. म्हणून प्रत्येक शेतकरी फवारणी झाली की औषध आणि तारीख आपल्या वहीत लिहितो आणि मोबाईलवरही नोंदवतो; वही मागाहून भरता येते, म्हणून पॅकहाऊस मोबाईलचीच नोंद धरतं. ती नोंद मोबाईलवर न राहता थेट डेटाबेसमध्ये जाते आणि तिथला एक प्रोग्राम दिवस मोजून सांगतो, प्लॉट तोडायला चालेल की नाही.

हा प्रोग्राम मी लिहिला होता. डेटाबेसच्या आतच राहून काम करणाऱ्या अशा प्रोग्रामला आम्ही स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतो. ती एरवी डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत लिहितात. दिवसांचे नियम किचकट होते म्हणून मी ती सी शार्प या दुसऱ्या भाषेत लिहिली आणि तयार फाईल डेटाबेसमध्ये चढवली. फाईल चढवली की डेटाबेस तिची स्वतःची प्रत आत ठेवून घेतो आणि त्यानंतर फक्त तीच प्रत चालवतो. हे वाक्य मी इथे सहज लिहितोय. तेव्हा मला ते माहीत होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही.

पहिल्याच वर्षी एका शेतकऱ्यानं तारीख मराठी आकड्यांत लिहिली. तपासणीच्या ओळीला मराठी आकडे हे आकडेच वाटले, तिनं ते आत सोडले. पुढे त्यांची तारीख बनवायला गेल्यावर प्रोग्राम अडला. अडलं तर थांबू नये म्हणून मी घाईत एक ओळ लिहून ठेवली होती: काही गडबड झाली तर 'नोंद नाही' असं धर. मी दोन्ही गोष्टी लॅपटॉपवर दुरुस्त केल्या, नवीन फाईल सर्व्हरवरच्या जुन्या फाईलवर टाकली, सर्व्हर बंद करून चालू केला आणि वहीत काम झाल्याची खूण केली. नवीन फाईल डेटाबेसमध्ये पुन्हा चढवायची राहिली. सर्व्हरवर एकदा चालवून बघायचंही राहिलं. त्या शेतकऱ्यानं तोवर इंग्रजी आकडे लिहायला सुरुवात केली होती, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले आणि त्यांच्या अर्ध्या एकराच्या बागेसह पॅकहाऊसला माल देणाऱ्या शेतकऱ्यांच्या द्राक्ष गटात आले. गटानं सगळ्यांच्या फवारणीच्या वह्या तपासायचं काम त्यांनाच दिलं. शिक्षक माणूस, कुणाची भीड ठेवणार नाही, म्हणून. सरांनी मला फोन करून विचारलं, "अरे, मराठी आकडे लिहिले तर तुझं यंत्र घेतं का? माझ्या हाताला तीच सवय आहे."

"खुशाल लिहा सर," मी म्हणालो. "मी स्वतः ते दुरुस्त केलंय."

तोडणीच्या आधी पॅकहाऊसनं प्रत्येक प्लॉटच्या शेवटच्या चार फवारण्यांची यादी काढली. सरांच्या प्लॉटसमोर चारही फवारण्यांना 'नोंद नाही' आलं. कुणी उशिरा फवारून ते लपवलं आणि माल परदेशात तपासणीत अडकला तर साऱ्या गटाचा माल परत येतो. त्यामुळे गटाची बैठक बसली आणि गटप्रमुखांनी मला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला.

"भाऊ, तुमचे सर म्हनत्यात नोंदी केल्यात. तुमचा कॉम्प्युटर म्हनतो न्हाई केल्या. आमी कुनाचं खरं धरायचं?"

मी ऑफिसात जेवत होतो. मागचापुढचा विचार न करता म्हणालो, "सिस्टिममध्ये दिसत नसेल तर नोंद झालेली नसते."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी मास्तरांनीच घरचा अभ्यास केला न्हाई!"

"उभं करा राव बाकावर!"

लोक हसले. मग सरांचा आवाज आला, अगदी जवळून, बहुतेक त्यांनी फोन हातात घेतला असावा. "तू म्हणतोस तर तसंच असेल. राहून गेलं असेल माझ्याकडून."

त्यांचा माल पॅकहाऊसनं घेतला नाही, तो स्थानिक बाजारात गेला. वह्या तपासायचं काम गटानं दुसऱ्याकडे दिलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते सरांच्या विसराळूपणाचं वाईट वाटलं.

हंगाम संपल्यावर पॅकहाऊसनं न झालेल्या सगळ्या नोंदींचा तक्ता मागितला. तो काढण्यासाठी मी शेतकऱ्यांच्या नोंदी जशाच्या तशा साठतात ते मूळ टेबल उघडलं. सरांच्या चारही नोंदी तिथे होत्या. औषध, प्रमाण, तारीख, सगळं ज्या त्या दिवशी भरलेलं, मराठी आकड्यांत. मी सर्व्हरवर प्रोसिजर चालवली, 'नोंद नाही' आलं. तोच डेटा लॅपटॉपवर चालवला, तर चारही तारखा बरोबर आल्या. आधी मी परवानग्या तपासल्या, मग सर्व्हरच्या सेटिंग्ज. दोषाचं खापर फोडायला माझ्याखेरीज दुसरं काहीतरी सापडावं असं मला वाटत होतं, हे आता कबूल करतो. शेवटी डेटाबेसनं आपल्या आत ठेवलेल्या फाइलींची यादी काढली. माझ्या फाइलीपुढे बदलाची तारीख पहिल्या वर्षीची होती, दुरुस्तीच्या आधीची. आतली प्रत बाहेर काढून उघडली, तर ती गडबड गिळणारी ओळ जशीच्या तशी होती.

नवीन फाईल चढवायला एका मिनिटाहून कमी वेळ लागला. चारही फवारण्या पडद्यावर आल्या. शेवटची फवारणी नियमापेक्षा कितीतरी आधीची होती.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झालं ना दुरुस्त? मग सोड. हंगाम संपलाय, आता कोण विचारतंय?" खरंच कुणी विचारत नव्हतं. मी आठ दिवस तसेच जाऊ दिले.

मग एका रविवारी सांगायचंच असं ठरवून सरांकडे गेलो. सर बागेतून यायचे होते. काकूंनी चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलास. ते हल्ली लई गप्प असतात. गॅस बंद केलाय का, दोनदा बघतात. कुलूप लावलं तरी अर्ध्या वाटेतून परत येतात. त्या नोंदींपासून त्यांनी धरूनच घेतलंय की आपल्याला विसर पडायला लागला. पुढल्या आठवड्यात जुन्नरला डॉक्टरकडं जायचं म्हणतात."

तेवढ्यात सर आले. मला बघून त्यांना आनंद झाला. पगार वेळेवर होतो का, जेवणाचं काय करतोस, वडिलांचा गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. मग एक नवी वही दाखवली. तिच्यात त्यांनी मागच्या साऱ्या फवारण्या पुन्हा इंग्रजी आकड्यांत उतरवल्या होत्या. "आता सवय बदलतोय," ते म्हणाले. "या वयात स्वतःवर फार भरवसा ठेवू नये."

मी म्हणालो, "सर..."

"बोल की."

"काही नाही. बाग छान दिसतेय."

परतीच्या एसटीत मी स्वतःला सांगत होतो की काकूंसमोर कसं बोलणार होतो. ते खोटं होतं. सर माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मला गमवायची नव्हती. त्यासाठी मी त्यांना स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता हे पत्र लिहिलं आणि कुरिअरनं पाठवलं.

आदरणीय सर,

सा. न.

पहिली गोष्ट आधी सांगतो. तुम्ही काहीही विसरला नव्हता. चारही फवारण्यांच्या नोंदी तुम्ही त्या त्या दिवशी केल्या होत्या आणि त्या आजही डेटाबेसमध्ये आहेत. त्यांची छापील प्रत सोबत जोडली आहे. तुमची शेवटची फवारणी नियमात बसत होती. तुमचा माल पाठवण्याजोगा होता.

चूक माझी होती. मराठी आकड्यांची दुरुस्ती मी केली, पण ती डेटाबेसमध्ये चढवली नाही आणि तिथे चालवूनही बघितली नाही. न बघताच तुम्हाला खुशाल लिहा म्हणालो. गटानं फोनवर विचारलं तेव्हा मूळ नोंदी बघायला मला दहा मिनिटं लागली असती. मी त्या बघितल्या नाहीत. मी यंत्रावर विश्वास ठेवला असं म्हणणं सोपं आहे, पण यंत्रात मीच लिहिलेलं होतं. म्हणजे मी स्वतःवर विश्वास ठेवला आणि तुमच्यावर ठेवला नाही.

काल मी हेच सांगायला आलो होतो. काकूंनी डॉक्टरांचं सांगितलं होतं, तरीही माझी जीभ वळली नाही. माझ्या दोन्ही चुकांत ही मला जास्त मोठी वाटते.

या पत्राची प्रत गटप्रमुखांना आणि पॅकहाऊसला पाठवली आहे. येत्या शनिवारच्या बैठकीत मी स्वतः येऊन सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. त्या दिवशी जे हसले त्यांना ते माझ्या तोंडून ऐकू दे. तुम्ही यायलाच हवं असं नाही. वह्यांचं काम पुन्हा घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. गेलेला हंगाम मी परत आणू शकत नाही.

क्षमा मागतो, पण उत्तराची घाई नाही. काकूंना नमस्कार सांगा, आणि कृपा करून हे पत्र त्यांना आजच वाचून दाखवा.

आपला विद्यार्थी