कुंकवाचा ठिपका घेऊन अंधेरी ते मुलुंड

आमच्याकडे दसऱ्याला पोथ्या, वह्या, शिलाईचं मशीन, सगळ्याची पूजा होते. ऐंशीच्या दशकातल्या एका दसऱ्याला मी पाटावर मामंजींचा जुन्या टपाल तिकिटांचा अल्बमही मांडला, तोही उघडा. सगळ्यांना लावलं तसं त्यालाही ओलं कुंकू लावलं, पानावरच्या सगळ्यात देखण्या तिकिटावर. संध्याकाळी आवराआवर करताना ठिपका पुसायला गेले, तर हलेना.

ती तिकिटं मामंजींच्या थोरल्या भावाच्या पत्रांवरची. ते वेंगुर्ल्याकडचे, बोटीवर खलाशी. दुसऱ्या लढाईत परदेशी बंदरांतून पत्रं पाठवायचे. मग बोटच बुडाली. दिवाळीआधी तिकिटं विकून गावच्या देवळात भावाच्या नावाने नंदादीप लावायचा, असं मामंजींनी ठरवलं होतं. त्या दिव्यातच मी पाणी ओतलं होतं.

"वहिनी, बाबांना आत्ताच काही बोलू नकोस हं," नणंद सुलू म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या बाईंची आत्या मुलुंडला असते. तिकिटांतलं तिला सगळं कळतं. आधी विचारू तरी."

मामंजींना 'किंमत काढून आणतो' एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. रताळी उकडून डब्यात घेतली आणि सकाळी आठला अंधेरी पूर्वेहून घाटकोपरची बस धरली. बस सुटते तिथूनच चढलात तर खिडकी मिळते. साकीनाक्यापर्यंत कारखान्यांच्या भिंती. दारांवर कालची झेंडूची तोरणं अजून ताजी होती. घाटकोपरला फरसाणवाल्याकडे उपवासाचा बटाट्याचा चिवडा मिळतो, तो पावशेर घेतला. मग मुलुंडची बस. सुलू अर्धा चिवडा संपवून म्हणाली, "तुझी एकादशी मला बरी मानवते गं."

दमयंतीबेनचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सत्तरीच्या बाई, पांढरं सुती लुगडं, कपाट भरून अल्बम. मी तिकीट बोटाने काढायला गेले तर हातावर हलकेच चापट बसली. "हात नाय, चिमटा! हाताला तेल असते ने."

पुढचा तासभर मी नुसती बघत राहिले. आधी तिकीट उलटं करून पाठ बघायच्या. मग काळ्या ताटलीत ठेवून पेट्रोलसारख्या वासाचा थेंब टाकायच्या, की कागदातली छुपी खूण उमटे. कडेचे दाते पट्टीवर मोजायच्या. मग त्यांनी मला काही तिकिटांवर दोन आकड्यांच्या मधलं अधिकचं चिन्ह दाखवलं. "पयला आकडा टपालाचा, दुसरा दानाचा. पत्र टाकणारा थोडे पैसे जास्त देणार, ते जखमी शिपायांना." पुण्याची अशी सोय टपालात असते हे मला नवीन होतं. तिकिटासारख्याच दिसणाऱ्या एका चिठ्ठीवर किंमतच नव्हती. ती नुसती देणगीची निशाणी निघाली, टपालाचं तिकीट नव्हेच. मग त्या म्हणाल्या, "पाकिटं नाय ठेवली? अरेरे, पाकिटासकट जास्त भाव असते." म्हणून सांगते, तुमच्या घरी अशी जुनी पाकिटं असतील तर कापू नका, भिजवू नका. मी हे हिशेबाच्या वहीच्या मागे उतरवून घेतलं.

शेवटी ते तिकीट. भिंगाखाली बराच वेळ.

"हा लाल क्रॉस छापलेला. आणि हा ठिपका..." त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "काल दसरा होता ने?"

मी मान खाली घातली.

"स्वच्छ असता तर एकट्याचे तीनशे. आता कोण घेणार नाय. धुवायला जाशील तर छापाचा रंग पण जाणार. बाकी सतरांचे एकशेचाळीस मी देते."

त्यांना गप्प राहून तेही त्याच एकशेचाळीसात घेता आलं असतं. पण तिकीट त्यांनी परत अल्बमात सरकवलं, चिमट्याने, नवजात बाळाला ठेवावं तसं. "हे विकू नको. घरात विचार."

परतीच्या बसमध्ये सुलूने तीन निमित्तं सुचवली: पाल पडली, शाई सांडली, दमयंतीबेननेच केलं. "आणि एकादशीला खोटं बोलू?" मी म्हटलं. "मग उद्या बोल ना," ती म्हणाली. हसूही आलं आणि रडूही.

घरी मामंजी पाटावर बसून सुपारी कातरत होते. मी अल्बम समोर उघडला आणि सगळं सांगितलं. तीनशेचा आकडासुद्धा.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. अल्बम जवळ ओढून ठिपका पाहिला.

"दादाचो फोटो आसा काय आपल्याकडे?" ते म्हणाले. "नाय. बोटीर जाताना आयेन तेका टिळो लावलेलो. तेच्यानंतर कोणीच लावूक नाय गो. आता तू लावलंस."

सतरा तिकिटं दमयंतीबेनकडे गेली. नंदादीप लागला; पहिल्या काही महिन्यांचं तेल त्यांतून आलं, पुढचं मी आणि सुलू भागवत आलो.

अठरावं तिकीट चौकटीत बसवून घेतलं. दसऱ्याला अजून त्याची पूजा करते. कुंकू आता काचेवर लावते.