थर्माकोलचं वांगं

लहान मुलांना शिकवण्याची पदवी घ्यायची, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई बोंबील साफ करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "पोरा सांबालाला डिगरी लागतं?"

बाबा हसले. आमची शेतं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या आणि घर भाड्यावर चालायला लागलं, तेव्हापासून शिक्षण म्हटलं की बाबांना हसू येतं. "घे घे," ते म्हणाले, "बायोडाट्याला बरा दिसल."

मला वेगळंच कारण होतं. करंजाड्यातल्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक नर्सरी होती. तिथली बाई तीन वर्षांच्या मुलांना ओठांवर बोट ठेवून बसवायची. मुलं रडायची, तीसुद्धा ओठांवर बोट ठेवूनच. याहून बरं काहीतरी असणार आणि ते कुठेतरी शिकवत असणार, असं मला वाटायचं. तेव्हा मी भोळी होते.

कॉलेज नवी मुंबईतच मिळालं. खेळातून शिक्षण हा विषय तिथे आम्हाला बाकावर बसवून, खाली मान घालायला लावून वहीत उतरवून घ्यायला सांगितला. लहान मूल एका जागी फार वेळ बसू शकत नाही, हे वाक्य विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी पाय मोकळे करायला उठली. मॅडमनी तिला वर्गाबाहेर काढलं आणि तेच वाक्य पुढे सांगायला घेतलं. कुणाला काही वाटलं नाही. वाटण्यासाठी ऐकावं लागतं.

मग बालनिरीक्षण. एका मुलावर वर्षभर लक्ष ठेवायचं, तो काय बोलतो, कसा चालतो, कधी चिडतो, हे लिहायचं. मागणी चांगली होती. आमच्या वर्गात ती एका भाच्यावर भागवली गेली. ज्या मुलीचा तो भाचा, तिने आपलं लिखाण मैत्रिणींना दिलं आणि त्यांनी नुसतं नाव बदललं. त्या वर्षी कितीतरी फायलींमध्ये तोच मुलगा पहिल्यांदा कात्रीने कागद कापायला शिकला. मॅडमनी सगळ्यांवर 'छान' असा शेरा मारला.

शेवटच्या वर्षी परीक्षेचा पाठ द्यायचा होता. खरी मुलं समोर हवीत आणि बाहेरचे परीक्षक हवेत, असा नियम. पाठ नेमका सुट्टीत आला, नर्सऱ्या बंद. मॅडमनी स्वतःच्या सोसायटीतली मुलं बोलावली. सगळी इस्त्रीच्या कपड्यांत, काय विचारणार आणि काय उत्तर द्यायचं ते पाठ करून आलेली.

माझा विषय भाज्या. मी सकाळी बाबांना गाडी काढायला लावली आणि एपीएमसीच्या घाऊक भाजीबाजारात गेले. तिथला व्यापारी किरकोळ द्यायला तयार नव्हता. लहान मुलांसाठी आहे म्हटल्यावर पुटपुटत त्याने पिशवी भरून दिली. मातीसकट मुळा, काटेरी देठाची वांगी, पाल्यासकट गाजरं. मुलांनी हात लावावा, हुंगावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मॅडमनी पिशवीत डोकावून नाक मुरडलं. "हे काय आणलंस?"

"भाज्या, मॅडम."

"शैक्षणिक साहित्य कुठंय? नियम वाचलास ना? साहित्य स्वतः तयार केलेलं पाहिजे. वांगं काय तू तयार केलंस?"

पिशवी कपाटामागे गेली. कुणीतरी आधीच्या बॅचचं थर्माकोलचं वांगं काढून दिलं. जांभळा रंग जागोजागी उडाला होता. म्हणजे तेही मी तयार केलेलं नव्हतं, पण ते साहित्य होतं.

पाठ सुरू झाला. मी ते वांगं उचलून विचारलं, "हे काय आहे?"

मुलं एका सुरात ओरडली, "वांगं!" पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी तेवढी ओरडली नाही. तिने ते माझ्या हातून घेतलं, नखाने खरवडलं, पांढरे कण गालिच्यावर पडले. "हे थर्माकोल आहे," ती म्हणाली.

परीक्षकबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "नाही बाळा, वांगं म्हण."

"थर्माकोल."

"वांगं म्हण बघू. शहाणी मुलगी ना तू?"

तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. मॅडम मागून मला डोळ्यांनी खुणावत होत्या, आवर, आवर. मला त्या दोघींची इतकी शिसारी आली की भीतीच निघून गेली.

"बरोबर आहे तुझं," मी त्या मुलीला म्हटलं. "हे थर्माकोलच आहे. खरं वांगं बघायचंय?"

मी कपाटामागून पिशवी ओढून गालिच्यावर ओतली. मुलं तुटून पडली. एकाने मुळ्याची माती चाटली. इस्त्रीचे कपडे मळले. दोन वेण्यांच्या मुलीला देठाचा काटा टोचला, तर ती बोट चोखत हसली. परीक्षकबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "माफीचं पत्र लिही. मुलीला परीक्षकांसमोर उलट बोलायला शिकवलंस तू."

"ती खरं बोलली, मॅडम. मी नाही लिहिणार."

"मग नापास होशील."

नापास झाले नाही. विभागाचा निकाल शंभर टक्के लावायचा होता, त्यासाठी मलाही पास होणं भाग होतं. काठावरचे मार्क देऊन त्यांनी मला वाटेला लावलं. ती मंडळी दुष्ट असती तर मला त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. ती नुसती आळशी होती.

आता मी कामोठ्यातल्या एका नर्सरीत शिकवते. मुलाखतीत मला दोनच प्रश्न विचारले, अक्षर कसं आहे आणि डेकोरेशन जमतं का. माझ्या वर्गात मी पाण्याचा टब ठेवलाय. मुलं त्यात वाट्या, डबे, चमचे बुडवून पाहतात आणि दिवसभर ओली असतात.

परवा एक बाप दारात आला. पॉश गाडी, कानात फोनची बोंडी. "मॅडम, बाजूच्या शाळेत वन टू हंड्रेड झालं. तुमी पाण्यात काय खेळवता पोरांना?"

मी त्याला समजावू शकले असते. तीन वर्षं तेच तर उतरवून घेतलं होतं. पण त्या चेहऱ्यावर शब्द खर्च करावेसे वाटेनात.

"माझी या विषयात पदवी आहे," मी म्हटलं.

"अच्छा, डिग्री आहे?" तो एकदम नरमला. "मग ठीक आहे." आणि फोनवर बोलत निघून गेला. मुलगा माझ्याकडे काय शिकतो, हे त्याने विचारलं नाही. तो मुलगा तोवर कोपरापर्यंत टबात गेला होता.