घशातला 'र'

आमच्या वाडीची फिरती ढाल माझ्या घशामुळे गेली.

गिरगावातल्या आम्हा चार-पाच वाड्यांमध्ये गणपतीत मुलांची स्तोत्रपठणाची स्पर्धा असते. सलग तीनदा जिंकलं की ढाल कायमची आपली. आम्ही दोनदा जिंकलो होतो, आणि दोन्ही वेळा तयारी मी करून घेतली होती. उच्चारांच्या बाबतीत मी कडक. (मुलं माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.)

त्यातच आमच्या नीरजने फ्रान्समध्ये लग्न ठरवलं. मुलगी इंग्रजी बोलते, पण विहीणबाईंना फ्रेंचखेरीज काही येत नाही. लग्नात आम्ही दोघींनी काय एकमेकींकडे बघून नुसतं हसत बसायचं? मी दादरला क्लास लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "जीभ विसरा. 'र' घशातून, गुळण्या केल्यासारखा."

मी काम अर्धवट करत नाही. सकाळी पोळ्या लाटताना सराव, संध्याकाळी मुलांची तालीम.

"मिठाचं पाणी न घेता गुळण्या कशा काय जमतात तुला?" आमच्या ह्यांनी विचारलं. मी लक्ष दिलं नाही.

तालमीत चौथीतल्या मैत्रेयीने हात वर केला. "काकू, तुमचा घसा बसलाय?"

"ठणठणीत आहे. मी म्हणते तस्संच म्हणायचं."

तिने तस्संच म्हटलं. मग सगळ्यांनी. मला काहीही वावगं ऐकू आलं नाही. उलट वाटलं, यंदा आवाज काय मस्त लागलाय!

स्तोत्र असं, की ओळीला चार 'र'. स्पर्धेच्या दिवशी पहिल्या ओळीला मांडवात कुजबुज झाली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या आजींनी कानातलं यंत्र काढून त्यावर फुंकर मारली. डझनभर मुलं एका तालात गुळण्या करत होती. परीक्षक, संस्कृतचे निवृत्त शिक्षक, लिहिता लिहिता थांबले.

"बाळांनो, 'र' कुठे गेला?"

"घशात," मैत्रेयी म्हणाली. "काकूंनी शिकवलाय."

मी ताडकन उभी राहिले. मी म्हटलं, "सर, मुलांचं बरोबर आहे." मांडवाचं म्हणणं असं, की मी "सघ, मुलांचं बघोबघ आहे" म्हणाले.

"ताई, पाणी देऊ का?" सरांनी काळजीने विचारलं.

ढाल समोरच्या वाडीत गेली. दुसऱ्या दिवशी मैत्रेयीची आई दारात. "वहिनी, पोरगी शाळेत हजेरीला 'हजघ' म्हणाली. आता हे काढायचं कुणी?"

तरी मी मनाची समजूत घातली: ढाल गेली, निदान फ्रेंच तरी आलं. नीरजने स्पर्धेचा व्हिडिओ विहीणबाईंना दाखवला आणि लगेच फोन केला.

"आई, त्या म्हणतात, मुलांचा 'र' अगदी आमच्या गावातल्यासारखा आहे."

"आणि माझा?"



"तुझा अजून मराठीच आहे म्हणतात."